बावीसच्या डाळी, चौदाच्या डाळी

ग्वाल्हेरचं लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळातून १८१० नंतर वाढत गेलेलं शहर. त्यातला दाल बाजार ही डाळी-गल्ल्याची जुनी घाऊक पेठ. घाऊक पेठेत मालाची पारख परखीवर होते. टोकदार, पोकळ परखी पोत्यात खुपसायची, निघालेले दाणे तळहातावर पसरायचे, एखादा दाताखाली फोडून ओल बघायची आणि मग भाव बोलायचा. व्यापारी दाण्याचा आकार बघतो, साल बघतो, रंग बघतो. हा आकार, ही साल आणि हा रंग ज्यामुळे ठरतो तो डीएनए त्याच दाण्यात असतो, पण त्याच्याकडे बघण्याचं पेठेत कुणाला कारण नाही. बघायचं ठरवलं तर मात्र याहून चांगली जागा सापडणं कठीण आहे. आनुवंशिकतेचं शास्त्र ज्या दाण्यावर जन्माला आलं तो वाटाणा इथे पोत्यांनी पडलेला असतो, आणि त्याची सगळी भावकीही शेजारीच असते.

या पोत्यांची आधी दोन ढिगांत वाटणी करू. एकीकडे खरिपाच्या डाळी: तूर, मूग, उडीद, चवळी, मटकी. दुसरीकडे रब्बीच्या: हरभरा, मसूर, वाटाणा. ही वाटणी शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची. हंगाम कधी, माल कधी येणार, भाव कधी पडणार, एवढ्यापुरती. आता प्रत्येक डाळीच्या पेशीतली गुणसूत्रं मोजा. तुरीची २२, मुगाची २२, उडदाची २२, चवळीची २२, मटकीची २२. दुसऱ्या ढिगात मसुराची १४, वाटाण्याची १४ आणि हरभऱ्याची १६. कुळथासारखा एखादा जरा वेगळा निघतो, पण एरवी खरिपाचा ढीग बावीसचा आणि रब्बीचा ढीग चौदा-सोळाचा. हा योगायोग नाही. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळात सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी दोन घराणी वेगळी झाली. एक उष्ण प्रदेशात राहिलं, दुसरं समशीतोष्ण हवेत रुळलं. पहिल्यातून तूर-मूग-उडीद आले, दुसऱ्यातून हरभरा-मसूर-वाटाणा. ऊन सोसणारं घराणं आपल्याकडे पावसाळ्यात पेरलं गेलं आणि थंडी मागणारं हिवाळ्यात. मंडीचं कॅलेंडर आणि गुणसूत्रांची संख्या एकाच जुन्या फाटाफुटीची साक्ष देतात, ही गोष्ट मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त आवडते.

ही गुणसूत्रं मोजतात कशी? दाण्यात बघून उपयोग नाही. एरवी डीएनएचे धागे पेशीच्या केंद्रकात इतके विस्कटलेले असतात की सूक्ष्मदर्शकाखाली नुसता धूसर गोळा दिसतो. पेशी दुभंगायच्या बेतात येते तेव्हाच ते आखडून, जाड होऊन सुटे दिसू लागतात. म्हणून झपाट्याने दुभंगणाऱ्या पेशी हव्यात, आणि त्या मिळतात कोवळ्या मुळाच्या टोकाला. हरभरा भिजवून ओल्या कागदावर मोड आणायचे. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की टोकाचे काही मिलिमीटर कापून घ्यायचे आणि कोल्चिसिनच्या द्रावणात ठेवायचे. हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही असतं आणि ते जहाल विषारी आहे. दुभंगणाऱ्या पेशीत गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे तंतू ते तयार होऊ देत नाही, त्यामुळे सगळं काम ऐन मोक्यावर थांबून राहतं. मग अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात ते टोक पक्कं करायचं, सौम्य आम्लात मऊ करायचं, काचपट्टीवर कार्मिनच्या लाल रंगात बुडवायचं, वर पातळ काच ठेवायची आणि टिपकागदातून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. दाबताना अंगठा किंचित जरी सरकला तरी सगळ्या पेशी वळकटी होऊन बसतात. जमलं तर एका चपट्या झालेल्या पेशीत सोळा लालसर काड्या पसरलेल्या दिसतात. कुठे मधोमध, कुठे एका टोकाकडे कंबर बारीक झालेली. हरभऱ्याच्या एका जोडीवर तर छोटीशी गाठ स्पष्ट उठून दिसते. ती जोडी सापडली की मोजणी सोपी होते.

माणसाची गुणसूत्रं नक्की किती, हा प्रश्न याच वनस्पतीवाल्यांच्या हातचलाखीने सुटला. विसाव्या शतकाची बरीच वर्षं सगळी पुस्तकं माणसाची गुणसूत्रं ४८ असं सांगत होती. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी पसरट पेशीत ती नीट मोजली. भरली ४६. निष्कर्ष १९५६ मध्ये छापून आला. लेवान हा कांद्याच्या मुळांवर काम करणारा, आणि त्जिओही मुळात वनस्पतींची गुणसूत्रं मोजणारा. मुळाच्या टोकांवर घोटलेली युक्ती त्यांनी माणसाच्या पेशींवर चालवली, एवढंच.

संख्येचा आणि मोठेपणाचा मात्र काही संबंध नाही. बटाट्याची ४८ आहेत, चिंपांझीचीही ४८. गव्हाची ४२. संख्या सांगते ती वंशाची कहाणी, आणि तीही कधीकधी फार मजेशीर. ग्वाल्हेरहून मोरेन्याकडे निघालं की हिवाळ्यात दोन्ही बाजूंना पिवळी मोहरी लागते. या मोहरीची गुणसूत्रं ३६. यातली २० एका वनस्पतीची आहेत, सलगम ज्या जातीत मोडतो तिची, आणि १६ काळ्या राईची. केव्हातरी या दोघींचा संकर झाला आणि संकरित झाडात दोन्हीकडची गुणसूत्रं अख्खीच्या अख्खी टिकली. जपानमध्ये काम करणाऱ्या नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये हे गणित मांडलं, तेव्हा आनुवंशिकता डीएनएमधून चालते हेसुद्धा ठाऊक नव्हतं. वीस अधिक सोळा छत्तीस, एवढ्या बेरजेवर त्याने तीन वनस्पतींचं नातं लावून दाखवलं.

आता काडीच्या आत जाऊ. एक गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एकच एक अखंड रेणू, आणि त्याला बांधून ठेवणारी प्रथिनं. हा रेणू घरच्या स्वयंपाकघरात डोळ्यांनी बघता येतो. अर्धी वाटी हिरवे वाटाणे रात्रभर भिजवा. चिमूटभर मीठ आणि वाटीभर गार पाणी घालून मिक्सरमधून काही सेकंद फिरवा, गाळून घ्या. गाळलेल्या पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं द्रव घालून हलक्या हाताने ढवळा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पेशीची आणि केंद्रकाची आवरणं स्निग्ध पदार्थांची असतात, साबण ती फोडतो. मग चमचाभर कच्च्या पपईचा रस घाला. त्यातलं विकर प्रथिनं तोडतं, मटण शिजवताना पपई घालतात तीही याचसाठी. शेवटी उभ्या पेल्यात हे मिश्रण घेऊन, पेला तिरपा धरून, फ्रिजमध्ये गार केलेलं स्पिरिट कडेकडेने सोडा. ते वर तरंगतं. दोन थरांच्या सीमेवर पांढरट, चिकट तंतू जमायला लागतात आणि वर उठतात. काडीने गुंडाळले तर गुंडाळतात. यात थोडी प्रथिनं आणि आरएनएही असतो, पण मुख्य माल डीएनए. तो पाण्यात विरघळतो, अल्कोहोलमध्ये नाही, म्हणून बाहेर पडतो. हे करताना गॅस पेटलेला नको आणि मिश्रण कुणी चाखायचं नाही, हे सांगायला हवं.

डाळीतून डीएनए इतका सहज निघतो त्याला कारण आहे. वाटाण्याचा दाणा भरत असताना त्याच्या दोन दळांतल्या पेशी दुभंगायचं थांबवतात पण डीएनएच्या प्रती काढायचं थांबवत नाहीत. त्यामुळे एकेका पेशीत नेहमीच्या कितीतरी पट डीएनए साठतो.

त्या तंतूची रचना अशी. दोन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. प्रत्येक साखळीचा कणा साखर आणि फॉस्फेट यांच्या आलटून पालटून जोडणीचा, आणि प्रत्येक साखरेवर आतल्या बाजूला चारपैकी एक नत्रयुक्त रेणू: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. थोडक्यात ए, टी, जी, सी. समोरासमोर ए आला तर टीच येतो, जी आला तर सीच. ए-टी दोन हायड्रोजन बंधांनी धरलेले, जी-सी तीन. पिळाची जाडी २ नॅनोमीटर, आणि साधारण दर दहा जोड्यांना एक वेढा पूर्ण. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेत रेमंड गॉस्लिंगने मे १९५२ मध्ये डीएनएच्या तंतूवर क्ष-किरण टाकून घेतलेल्या छायाचित्रात हा पीळ फुलीच्या आकारात उमटला होता. केंब्रिजच्या वॉटसन आणि क्रिक यांनी त्यावरून आणि इतर मोजमापांवरून बांधलेली रचना २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आली. या रचनेचं खरं मर्म जोड्यांच्या शिस्तीत आहे. एक साखळी दिली की दुसरी आपोआप ठरते. म्हणून दोन्ही साखळ्या सोडवल्या, प्रत्येकीसमोर जोडीदार बसवत गेलं की मूळच्याच दोन प्रती तयार. पेशी दुभंगण्याआधी नेमकं हेच करते.

लांबीचा हिशेब मात्र चक्रावून टाकतो. एका जोडीला ०.३४ नॅनोमीटर जागा लागते. तुरीच्या एका संचात अंदाजे ८३ कोटी जोड्या आहेत, हरभऱ्याच्या एका संचात सुमारे ७४ कोटी. प्रत्येक पेशीत दोन संच, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. म्हणजे हरभऱ्याच्या साध्या पेशीत अर्धा मीटर डीएनए. माणसाच्या पेशीत दोन मीटर. आणि वाटाण्याच्या? एका संचात सुमारे ४४५ कोटी जोड्या, दोन संचांचे तीन मीटर! आपल्यापेक्षा एक मीटर जास्त. वाटाण्याला आपल्यापेक्षा जास्त काही सांगायचं असतं असं नाही. त्याच्या डीएनएतला चार पंचमांशाहून मोठा भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे, आणि त्यातले पुष्कळसे उड्या मारणारे आहेत. ते स्वतःची प्रत काढून ती दुसरीकडे घुसवतात. बार्बरा मॅक्लिंटॉकला मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांवरून असे तुकडे सापडले होते, १९४० च्या दशकात. नोबेल १९८३ मध्ये मिळालं. लोकांचा विश्वास बसायलाच तेवढा वेळ गेला. हे उडते तुकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात तीन मीटर धागा बसवायचा म्हणजे तो गुंडाळायला हवा. भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तसा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्याभोवती पावणेदोन वेढे घेतो. एका गोळ्यावर १४७ जोड्या, मग थोडं अंतर, मग पुढचा गोळा. असे लाखो गोळे एका गुणसूत्रात. हिस्टोनवर धनभार असतो आणि डीएनएच्या कण्यावर ऋणभार, त्यामुळे ते एकमेकांना घट्ट धरतात. हे गोळे नुसते सामान बांधायला नाहीत. जो भाग घट्ट गुंडाळलेला तो वाचता येत नाही, जो सैल केला तोच वाचता येतो. मुळाच्या पेशीत आणि पाकळीच्या पेशीत डीएनए तोच असूनही त्या वेगळ्या का, याचं अर्धं उत्तर कुठे काय सैल केलंय यात आहे. ही व्यवस्था किती जुनी असावी? हिस्टोनांपैकी एच४ नावाचं प्रथिन १०२ अमिनो आम्लांचं आहे. १९६९ मध्ये ते वाटाण्यातून आणि वासरातून काढून शेजारी शेजारी वाचलं गेलं. फरक निघाला फक्त दोन ठिकाणी. वनस्पती आणि प्राणी वेगळे होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षं लोटली, तरी या गोळ्यात बदल चालला नाही. बदल झालेली पेशी बहुधा जगलीच नसेल.

काडीवरच्या बारीक कंबरेचंही काम आहे. पेशी दुभंगताना ओढून नेणारे तंतू गुणसूत्राला तिथेच धरतात. आणि दोन्ही टोकांना, धागा उसवू नये म्हणून, एकच छोटा क्रम शेकडो-हजारो वेळा आलेला असतो. आपल्यात तो टीटीएजीजीजी, बहुतेक वनस्पतींमध्ये टीटीटीएजीजीजी. एका टीचा फरक.

एवढं सगळं बांधून ठेवलेलं असतं ते कशासाठी, हे वाटाण्याच्या एका जनुकावर बघू. कारण ते जनुक जगातलं सगळ्यात प्रसिद्ध असूनही सव्वाशे वर्षं कुणाला त्याचा पत्ता नव्हता. ग्रेगोर मेंडेलने ब्रनोच्या मठात १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याचे संकर केले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे गोल. त्यांच्या पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. तिनास एक. १८६५ मध्ये त्याने हे वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं. सुरकुत्या कशाने पडतात हे मात्र १९९० मध्ये कळलं. नॉर्विचच्या जॉन इनेस संस्थेत मदन भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक हुडकून काढलं. ते एका विकराचं जनुक आहे. हे विकर स्टार्चच्या सरळ साखळीला फांद्या फोडतं. जनुकाच्या डीएनएचा क्रम आधी आरएनएमध्ये उतरवला जातो, मग तीन-तीन अक्षरांनी वाचून अमिनो आम्लं एकामागून एक जोडली जातात आणि विकर तयार होतं. कुठल्या तीन अक्षरांना कुठलं अमिनो आम्ल, हा कोश उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते, त्यासाठी १९६८ चं नोबेल. सुरकुतलेल्या वाटाण्यात या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक तुकडा घुसून बसलाय, आणि त्याची ठेवण त्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांसारखी आहे. वाचन तिथे बिघडतं, विकर धड बनत नाही. फांद्या फुटत नाहीत, स्टार्च कमी होतं, साखर साठून राहते. साखर जास्त म्हणून पाणीही जास्त ओढलं जातं, दाणा फुगतो, आणि वाळताना आतला माल आटला की सालीला चुण्या पडतात.

पहिल्या पिढीत सगळे गोल का, तेही आता सरळ होतं. गुणसूत्रं जोडीने असतात. एका गुणसूत्रावरचं जनुक मोडलेलं असलं तरी जोडीदारावरचं शाबूत असतं, आणि दाणा गोल राहण्यापुरतं विकर ते एकटं पुरवतं. ‘प्रभावी गुण’ या भारदस्त नावामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

सुकवलेले वाटाणे पेठेत गोलच मिळतात. सुरकुतलेला वाटाणा विकला जातो हिवाळ्यात, शेंगेत, हिरवा आणि गोड. आपल्याकडे लावली जाणारी आर्केल ही लवकर येणारी जात सुरकुतलेल्या दाण्याचीच आहे. मटारच्या उसळीत जी गोडी लागते तिचं श्रेय बऱ्याच अंशी अशा मोडलेल्या जनुकाला आहे. हिरवा आणि पिवळट-पांढरा वाटाणा हे मेंडेलचे आणखी दोन जुने ओळखीचे. त्याच्याकडे ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे आले होते. दाणा पिकताना हरितद्रव्य मोडून टाकायचं काम जे जनुक करतं ते बिघडलं की दाणा वाळूनही हिरवा राहतो. हे २००७ मध्ये उलगडलं. मेंडेलच्या सातही गुणांची जनुकं सापडून हिशेब पुरा व्हायला २०२५ साल उजाडलं. शाळेत सांगतात तसे हे सात गुण सात वेगवेगळ्या गुणसूत्रांवर काही नाहीत, काही एकाच गुणसूत्रावर आहेत.

जनुक मोडायला निसर्गाचीच वाट बघायला हवी असंही नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डाळींच्या आणि भुईमुगाच्या बियांवर गॅमा किरण सोडतात. डीएनएच्या साखळ्या तुटतात, पेशी त्या सांधते, सांधताना चुका राहतात. हजारो झाडांत एखादी चूक कामाची निघते. महाराष्ट्रात १९८५ मध्ये आलेला टीएयू-१ हा टपोरा उडीद अशाच एका उत्परिवर्ती झाडाच्या संकरातला. राज्यात वर्षानुवर्षं तो भरपूर पेरला गेला.

पेठेतल्या ज्या दोन पोत्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन ती हरभऱ्याची. एक देशी, तपकिरी, टोकदार, जाड सालीचा. दुसरा काबुली, गोरा, गुबगुबीत. मोठ्या दाण्याच्या काबुलीला मध्य प्रदेशच्या मंड्यांत ‘डॉलर’ म्हणतात. दोन्हींची गुणसूत्रं तीच सोळा, दोन्ही एकाच जातीचे. शेतात मात्र लांबूनही ओळखू येतात: देशीचं फूल जांभळट-गुलाबी, काबुलीचं पांढरं. मेंडेलनेही वाटाण्यात पाहिलं होतं की जांभळ्या फुलाच्या झाडाचे दाणे करड्या-तपकिरी सालीचे आणि पांढऱ्या फुलाचे फिक्या सालीचे असतात. फूल आणि साल एकाच कारणाने बांधलेले आहेत हे त्याने लिहून ठेवलं. कारण सापडलं ते असं: एक जनुक असं प्रथिन बनवतं जे डीएनएवर जाऊन बसतं आणि रंगद्रव्याची इतर जनुकं चालू करतं. ते मोडलं की रंगाचा सगळा कारखाना बंद, पाकळीतही आणि सालीतही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काबुली हरभऱ्यात बिघडलेलं जनुक हे मेंडेलच्या पांढऱ्या फुलाच्या जनुकाचंच हरभऱ्यातलं भावंड निघालं. आणि ते एकदाच बिघडलं नव्हतं. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या प्रकारे, स्वतंत्रपणे मोडलं होतं. लोकांनी दर वेळी तो गोरा दाणा वेचून जपला. रंगद्रव्यं गेली तशी साल पातळ झाली, म्हणून काबुली लवकर भिजतो आणि लवकर शिजतो. त्याच पातळ सालीमुळे थंड ओल्या जमिनीत तो बुरशीला लवकर बळी पडतो. भावातला फरक आपण मोजतो तो खरं तर एका मोडलेल्या जनुकाचा.

सालीची आणखी एक गंमत आहे. दाण्याची साल ही नव्या पिढीची नसते. ती आई-झाडाच्या पेशींची असते, तिच्यात आईचीच गुणसूत्रं. आतली दोन दळं आणि कोंब हे मात्र आई-बाप दोघांच्या गुणसूत्रांतून झालेलं पुढच्या पिढीचं रोप. मेंडेलला म्हणूनच दळांचा रंग एक वर्ष आधी वाचता आला आणि सालीच्या रंगासाठी झाड वाढवून बघावं लागलं. डाळमिलमध्ये काय होतं? तुरीला पाणी किंवा तेल चोळून, वाळवून साल सुटी करतात, दळं फोडतात, कोंब निखळतो. साल आणि चुरी गुरांच्या पेंडीत जाते. म्हणजे आईचा भाग गुरांना आणि लेकरू आमटीत. ही तुलना जेवताना करू नये.

या सगळ्यात तुरीला तिचा मान उशिरा मिळाला. गहू-तांदळाच्या मागे जग धावत असताना तूर ही गरीब देशांची डाळ म्हणून राहून गेली होती. २०११ च्या अखेरीला तिचा डीएनए वाचला गेला. एकीकडे भारतीय कृषी संशोधन परिषदेचा गट, दुसरीकडे हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट आणि तिच्यासोबतचे देशोदेशीचे संशोधक. वाचण्यासाठी निवडली ती ‘आशा’ ही जात, मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारी. हरभऱ्याचा डीएनए २०१३ मध्ये आला. अशा वाचनानंतर रोगप्रतिकाराच्या जनुकाशेजारची खूण रोपाच्या एका पानातून तपासता येते, झाड रोगट शेतात लावून मरतंय का बघत बसावं लागत नाही.

पण तुरीतला सगळ्यात चतुर उद्योग गुणसूत्रांबाहेरच्या डीएनएवर झालाय. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, आणि तुरीत तो फक्त आईकडून येतो. ओडिशा-बस्तरच्या जंगली पट्ट्यात तुरीची एक रानटी बहीण वाढते. तिच्या पेशीद्रव्यात आपल्या तुरीची गुणसूत्रं आणून बसवली, तेव्हा झाड धडधाकट वाढलं पण परागकण वांझ निघाले. रानटी तंतुकणिका आणि घरची गुणसूत्रं यांचं परागाच्या वेळी जमलं नाही. हे वैगुण्यच उपयोगी पडलं. वांझ पराग म्हणजे झाड स्वतःचं बी धरू शकत नाही. शेजारच्या ओळीतला पराग मधमाश्यांनी आणला तरच शेंग लागते, आणि ती हमखास संकरित. बाप-ओळीच्या गुणसूत्रांवर एक जनुक असं असतं की ते पुढच्या पिढीत पराग पुन्हा सुपीक करतं. इक्रिसॅटमध्ये के. बी. सक्सेना यांच्या गटाने या पद्धतीने केलेला आयसीपीएच २६७१ हा संकर २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. अन्नाच्या शेंगवर्गीय पिकांत, या पद्धतीने व्यापारी पातळीवर आलेला हा जगातला पहिला संकर. त्याचं बी घरचं धरून चालत नाही, कारण पुढच्या पिढीत आई-बापाची गुणसूत्रं पुन्हा पिसली जातात आणि शेत एकसारखं राहत नाही. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात तूर आणि हरभरा ही दोन्ही पिकं येतात, त्यामुळे ही चर्चा इथे परकी नाही.

राहिली लाख, म्हणजे खेसारी, इकडच्या बोलीत तिवडा. हीसुद्धा रब्बीची, चौदावाली, वाटाण्याची जवळची नातलग. पाऊस दगा देतो तेव्हाही ती उगवते, म्हणून दुष्काळात लोक तिच्यावर जगले आणि पायांनी लुळे झाले. सागर भागात १८३० च्या दशकात हे घडताना विल्यम स्लीमनने पाहिलं आणि १८४४ च्या पुस्तकात लिहिलं. दोष तिच्यातल्या ओडॅप नावाच्या अमिनो आम्लाचा. १९६१ पासून विक्रीला बंदी आली, पण तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळ काही सुटली नाही. अख्खा दाणा पाचरीसारखा असतो, परखीवर आला की पकडता येतो. बेसनात आकार उरत नाही, डीएनए उरतो. दळल्याने तो तुटतो, पण काहीशे अक्षरांचे तुकडे शिल्लक राहतात आणि तेवढे पुरतात. लाखेतच असणारा एखादा क्रम निवडायचा, त्याच्या दोन्ही टोकांना जुळणारे छोटे तुकडे टाकायचे, आणि तापवणं-गार करणं आलटून पालटून करत विकराकडून त्याच क्रमाच्या कोट्यवधी प्रती काढून घ्यायच्या. प्रती आल्या तर बेसनात लाख आहे. एवढं सांगून चाचणी थांबते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ नावाची कमी ओडॅपची लाख तयार केली आहे, रायपूरची ‘महातिवडा’ही त्याच वळणाची. जात ओळखणारी चाचणी या दोन्हींना आणि जुन्या विषारी लाखेला एकाच नावाने हाक मारते, म्हणून ओडॅप किती आहे ते रासायनिक पद्धतीने वेगळं मोजावंच लागतं.